हरिणाची गुंगी आणि समाजाची शुद्ध

२० फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे ठाणे शहरातील कोरम मॉलच्या वाहनतळात एक बिबट्या दिसला. काही तासांच्या शोधानंतर तो जवळच्याच एका हॉटेलच्या आवारात सापडला आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पथकाने त्यास भुलीचे इंजेक्शन देऊन ताब्यात घेतले. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या चिंचपाडा भागात एका निवासी इमारतीत बिबट्या शिरला, काही माणसे जखमी झाली आणि दीर्घ प्रयत्नांनंतर तोही बेशुद्ध करून पकडण्यात आला. अशा प्रसंगांतून शहरी माणसाच्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे. वन्य प्राणी वस्तीत आला की वनखात्याने यावे, बंदुकीतून सुई मारावी, प्राणी झोपावा, गाडीत घालून जंगलात सोडावा आणि प्रकरण मिटावे. औषध आहे, बंदूक आहे, मग अडचण ती कोणती?

ही समजूत किती अपुरी आहे हे बिबट्याच्या उदाहरणावरून पुरते कळत नाही. ते कळण्यासाठी हरिणाकडे वळावे लागते. बिबट्या कोंडीत सापडला की आडोसा धरून दबून बसतो, आणि बसलेल्या प्राण्यावर नेम धरता येतो. हरिणाचा सारा जीव पळण्यात असतो. कोंडीत सापडलेले हरीण भिंतीवर, कुंपणावर, काचेवर आदळते आणि स्वतःचाच नाश करून घेते. पशुवैद्यांच्या दृष्टीने हिंस्र श्वापदाला गुंगी देण्यापेक्षा एका भेदरलेल्या हरिणाला गुंगी देऊन पुन्हा जिवंत उभे करणे हे अनेकदा अधिक कठीण काम असते.

मराठीत 'हरीण' हा शब्द सैलपणे वापरला जातो. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय यांची शिंगे जन्मभर टिकतात. ही कुरंगांची जात. ठाणे जिल्ह्याला या दोन्ही जातींशी संबंध आहे. येऊरच्या डोंगरात चितळ, सांबर व भेकर आहेत. शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्याच्या प्राण्यांत चौशिंग्याची गणना होते. घोडबंदर रस्त्यावरील इमारती येऊरच्या पायथ्याला टेकल्या आहेत, बदलापूर-टिटवाळ्याकडे वस्ती पसरते आहे आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग शहापूरचा डोंगरपट्टा ओलांडून आमण्यास उतरला आहे. जंगल आणि वस्ती यांच्यामधली मोकळी पट्टी जसजशी आक्रसत जाईल, तसतसा एखादे चुकलेले जनावर आवारात शिरण्याचा, विहिरीत पडण्याचा किंवा तारेत अडकण्याचा प्रसंग वारंवार येणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

औषधाचा इतिहास

वन्य प्राण्यास दुरून औषध देण्याची कल्पना जुनी असली तरी तिला शास्त्रीय रूप आले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात हरणांवर निकोटिनयुक्त औषधाचे प्रयोग झाले. न्यूझीलंडमधील कॉलिन मर्डॉक या औषधनिर्मात्याने औषध भरलेली सुई सोडणारी बंदूक विकसित केली. परंतु आरंभीची औषधे भयंकर होती. गुंगी आणणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडे असे. प्राण्याच्या वजनाचा अंदाज जरा चुकला की एक तर तो पळून जाई किंवा मरे. स्नायू लुळे पाडणारे सक्सिनिलकोलीन हे औषध तर क्रूरच म्हटले पाहिजे. त्याने जनावराचे शरीर निश्चल होई, पण शुद्ध कायम राही. आपल्याकडे येणारी माणसे त्यास दिसत, त्यांचे आवाज ऐकू येत, मात्र पाय हलवता येत नसे.

म्हणूनच आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण झाले आणि वाढत्या पाण्यात बेटांवर प्राणी अडकले, तेव्हा सहा हजारांहून अधिक प्राण्यांची जी सुटका झाली, ती मुख्यतः जाळी, दोर, होड्या आणि माणसांचे हात यांच्या बळावर. १९६० च्या दशकाच्या आरंभी एडिंबरो येथील मॅकफार्लन स्मिथ कंपनीत केनेथ बेंटली यांच्या गटाने अफूतील थेबेनपासून एटॉर्फीन हे औषध तयार केले आणि चित्र पालटले. मॉर्फीनपेक्षा हजार पटींहून अधिक प्रभावी असलेल्या या औषधाचे काही थेंब गेंड्यासारख्या अजस्र प्राण्यास पुरेसे ठरले. शिवाय त्याचा उतारा उपलब्ध झाला, म्हणजे प्राण्यास झोपविणे आणि उठविणे या दोन्ही गोष्टी वैद्याच्या हाती आल्या. पूर्व आफ्रिकेत टोनी हार्टहूर्न यांच्यासारख्या पशुवैद्यांनी कुरंग, गेंडे, हत्ती यांना पकडण्याचे शास्त्रच उभे केले. मात्र ही शक्ती दुधारी आहे. तेच थेंब वैद्याच्या बोटावरील जखमेतून आत गेले तर त्याच्याच प्राणाशी गाठ पडते. म्हणून ज्याच्या जोडीला उतारा घेऊन उभा असलेला जाणता मदतनीस नाही, त्याने या औषधाची बाटली उघडू नये असा दंडक आहे.

भारतात प्रामुख्याने वापर होतो तो झायलाझीन आणि केटामाईन या जोडीचा. केटामाईनने भान हरपते, झायलाझीनने अंग सैल पडते. ही औषधे माणसाला एटॉर्फीनइतकी घातक नाहीत आणि तुलनेने सहज मिळतात. परंतु रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत झायलाझीनचा एक विशेष आहे. घोड्यास जी मात्रा लागते, तिच्या सुमारे एक दशांशात गाय गुंगते. जी मात्रा एका जातीस औषध, ती दुसरीस विष. पुन्हा, गोठ्यातील शांत गाय आणि धापा टाकणारे रानटी जनावर यांतही फरक आहे. घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तात भीतीची रसायने उसळलेली असतात आणि ती गुंगीशी झगडतात. नेहमीच्या मात्रेने तो कोसळत नाही, म्हणून दुसरी सुई मारली जाते. पहिलीचा आणि दुसरीचा परिणाम एकदम झाला की श्वास मंदावतो. उताऱ्याचेही तसेच. झायलाझीनला योहिंबीन वा अटिपामेझोल हा उतारा आहे, केटामाईनला नाही. उतारा घाईने दिला तर झायलाझीनचा असर जातो, केटामाईनचा राहतो आणि ताठरलेले जनावर अर्धवट भानात तडफडते.

हरीण मरते कशाने?

पुष्कळदा असे घडते की सुई अचूक लागते, मात्रा बरोबर असते, हरीण पकडले जाते, जंगलात सोडलेही जाते आणि नंतर काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरते. तोवर छायाचित्रे छापून आलेली असतात आणि मृत्यूची नोंद घेण्यास कोणी उरलेले नसते. या मृत्यूला पशुवैद्यकात 'कॅप्चर मायोपथी' असे नाव आहे. जिवाच्या आकांताने धावताना स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, रक्तात आम्ल साचते, स्नायूंचे तंतू मोडतात आणि त्यांतून निघालेली द्रव्ये मूत्रपिंडांत जाऊन ती निकामी करतात. औषध त्यास जबाबदार असतेच असे नाही. औषधापूर्वीचा पाठलाग जबाबदार असतो. काळवीट, चितळ, चौशिंगा यांसारखे जीव या विकारास विशेष बळी पडतात, आणि तो एकदा जडला की त्यावर खात्रीचा इलाज नाही. इलाज आहे तो एकच. पाठलाग होऊ न देणे.

दुसरा धोका उष्णतेचा. धावून तापलेल्या शरीरात झायलाझीन गेले की शरीराची तपमान सांभाळण्याची शक्ती ढळते. आफ्रिकेच्या कोरड्या माळावर जे दुपारी निभावेल, ते कल्याण-डोंबिवलीच्या दमट मे महिन्यात निभावणार नाही. म्हणून काम पहाटे किंवा सायंकाळी करावयाचे, थर्मामीटर सतत लावून ठेवावयाचा, तपमान ४१ अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेले की पाण्याने अंग भिजवावयाचे आणि पकडण्याचा आग्रह सोडून उतारा द्यावयाचा.

तिसरा धोका पोटाचा. रवंथ करणारे जनावर कुशीवर पडून राहिले की पोटात वायू साचतो, फुगलेले पोट फुफ्फुसावर दाब आणते आणि पोटातील अन्न घशात येऊन श्वासनलिकेत उतरू शकते. म्हणून त्यास छातीवर बसते ठेवावे लागते. मान वर आणि तोंड खाली, म्हणजे लाळ बाहेर गळते. डोळ्यांवर पट्टी, कानांत कापूस, आसपास पूर्ण शांतता. श्वास, नाडी आणि तपमान यांची ठरावीक अंतराने नोंद. हे सारे एका वैद्याचे काम नाही. त्यास जुळलेले चार-पाच हात लागतात.

चौथा धोका सुईचा. पूर्ण वाढलेल्या चौशिंग्याचे वजन २० किलोच्या आसपास असते. नीलगाईचा नर त्याच्या दहापट भरतो. नीलगाईच्या जाड मांडीसाठी योग्य असा वेग चौशिंग्याच्या मांडीचे हाड मोडू शकतो. सुई लागल्यावरही प्राणी तत्क्षणी पडत नाही. पाच ते पंधरा मिनिटे जातात. चित्रपटात दिसते तसे जागीच कोसळणे प्रत्यक्षात नसते. या मिनिटांत त्याला एकटे सोडावे लागते, दृष्टीआड राहून त्यावर लक्ष ठेवावे लागते. नेमका याच मिनिटांत घात होतो.

कौतुकाची गर्दी

घात करणारी असते ती गर्दी. बिबट्या आला की लोक घाबरतात. निदान थोडे अंतर राखतात, दारे लावून घेतात. हरीण आले की कोणी घाबरत नाही. मुले धावतात, मोठी माणसे मुलांना खांद्यावर घेतात, गच्च्या भरतात, मोबाईल वर होतात. कोणी पाणी पुढे करतो, कोणी पाठीवर हात फिरवतो. हाताखाली निमूट उभे असलेले हरीण पाहून लोकांना ते माणसाळल्यासारखे वाटते. वस्तुतः ते भीतीने गोठलेले असते. बिबट्याला त्याचे भय काही अंशी वाचवते. हरिणाला त्याचे गोजिरेपण मारते.

अर्थशास्त्राच्या भाषेत ही बाह्य परिव्ययाची समस्या आहे. पाहणाऱ्या प्रत्येकाला मिळणारा आनंद त्याच्या स्वतःच्या पदरात पडतो. त्या आनंदाची किंमत मात्र दुसऱ्याच जिवाला चुकवावी लागते. प्रत्येकास वाटते, आपल्या एकट्याच्या थांबण्याने काय होणार? पाचशे माणसांस एकाच वेळी तसे वाटले म्हणजे हरिणाला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. कोणाचाही हेतू वाईट नसतो. हेतू चांगला आणि परिणाम वाईट, असे ज्या ज्या ठिकाणी घडते तेथे केवळ प्रबोधन पुरे पडत नाही. नियम आणि त्याची अंमलबजावणी लागते. रस्त्यावर अपघात झाला की पोलीस दोरी बांधतात. वन्य प्राणी आला की पहिली गोष्ट तीच झाली पाहिजे, आणि ती करण्यास पशुवैद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. स्थानिक पोलीस ठाणे आणि महापालिकेचे अग्निशमन दल यांना ती जबाबदारी लेखी नेमून देता येईल.

सज्जतेचा खर्च

खरी अडचण येते ती सज्जतेच्या खर्चाची. वनखात्यात काम करणारे पशुवैद्य बहुतांशी पशुसंवर्धन खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेले असतात. ज्या अधिकाऱ्याने चार-दोन वर्षांत हरणाच्या मात्रेचा अनुभव मिळवला, तो मुदत संपताच मूळ खात्यात परततो आणि त्याच्याबरोबर ते ज्ञानही जाते. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाने गोरेवाडा येथे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र चालविले आहे. शिकविणारे आहेत, शिकणारेही मिळतील. शिकून बाहेर पडलेल्यास वनखात्यात कायमची जागा आणि बढतीची वाट असली पाहिजे. ती नसेल तर शिक्षणावरील खर्च वाया जातो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे.

औषधांची गोष्टही अशीच. केटामाईनचा नशेसाठी दुरुपयोग होऊ लागल्याने केंद्र शासनाने त्यावर कडक निर्बंध घातले. ते योग्यच झाले. पण निर्बंध आणि उपलब्धता यांची सांगड घालण्याचे काम अर्धवट राहिले की प्रामाणिक वैद्यासच कागदपत्रांत अडकून पडावे लागते. औषधांची मुदत असते. न वापरता मुदत संपली तर लेखापरीक्षक त्यास अपव्यय म्हणतो. वस्तुतः ज्या वर्षी ते वापरण्याची वेळ आली नाही ते वर्ष चांगले गेले, असे समजले पाहिजे. आग लागली नाही म्हणून अग्निशमन दलाचा पगार व्यर्थ गेला असे कोणी म्हणत नाही. पकडलेल्या प्राण्यांच्या संख्येने खर्चास भागून 'दर प्राण्यामागे इतके रुपये' असा हिशेब मांडणे ही फसवी गणिते आहेत. सज्जता ही सार्वजनिक वस्तू आहे. बाजार ती पुरवीत नाही, आणि गरज पडल्यावर ती एका दिवसात विकत मिळत नाही.

येथे एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. जेथे सरकारी रुग्णालयात माणसासाठी भूलतज्ज्ञ वेळेवर मिळत नाही, तेथे हरिणाच्या भुलीची चिंता कशाला? हा प्रश्न ठाणे-कल्याणच्या सामान्य कुटुंबाने विचारला तर त्यास निष्ठुर म्हणता येणार नाही. परंतु दोन्ही खर्चांचे परिमाण वेगळे आहे. एका जिल्ह्यासाठी एक प्रशिक्षित पथक, एक सुसज्ज गाडी आणि औषधांचा मर्यादित साठा यावरील खर्च रोखल्याने एकाही रुग्णालयाची स्थिती सुधारणार नाही. शिवाय जे पथक आज चौशिंग्यासाठी लागते, तेच उद्या इमारतीत शिरलेल्या बिबट्यासाठी लागते. तेथे पणास लागतात ते माणसांचे प्राण. हरिणासाठी केलेला सराव माणसाच्या उपयोगी पडतो.

औषध शेवटी

यंत्रणा सज्ज झाली म्हणजे दिसेल त्या प्राण्यास सुई मारावी, असा याचा अर्थ मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पकडणेही येते. काळवीट आणि चौशिंगा हे पहिल्या अनुसूचीतील प्राणी. त्यांना पकडण्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतर करणे अशक्य असल्याची खात्री झाल्याखेरीज धोकादायक ठरलेल्या प्राण्यासही मारण्याचा आदेश देता येत नाही. कायद्याने औषधास मरणाच्या आधीची पायरी मानले आहे. त्याही आधीची पायरी म्हणजे प्राण्यास त्याची वाट मोकळी करून देणे. दिवे मंद करावे, फाटक उघडे ठेवावे, कुत्री बांधावी, माणसे हटवावी. रात्रीच्या शांततेत पुष्कळशी जनावरे आल्या वाटेने परत जातात.

कळपांच्या प्रश्नावर तर औषध हे उत्तरच नव्हे. विदर्भात रोह्यांचे आणि सोलापूर-अहिल्यानगरकडे काळविटांचे कळप शेतात उतरतात. शेतकऱ्याचे नुकसान खरे असते आणि त्याचा संतापही खरा असतो. बिहारमध्ये मोकामा येथे २०१६ साली दोनशेहून अधिक नीलगायी गोळ्या घालून मारण्यात आल्या व देशभर वाद माजला. याउलट मध्य प्रदेशात शाजापूर भागात २०२५ साली हेलिकॉप्टरच्या साह्याने कळप हळूहळू वळवून नरसाळ्याच्या आकाराच्या कापडी आवारात आणण्यात आले आणि शेकडो काळवीट गुंगीच्या सुईवाचून अभयारण्यांकडे हलविण्यात आले. आफ्रिकेतून आलेल्या या पद्धतीस 'बोमा' म्हणतात. ती खर्चिक आहे, तीत जोखीमही आहे. परंतु शेकडो प्राण्यांना एकेक करून सुई मारण्यापेक्षा ती निश्चितच सौम्य आहे. औषधाची जागा आहे ती एकट्या, अडकलेल्या, जखमी प्राण्याच्या बाबतीत. विहिरीत पडलेला, तारेत गुंतलेला, मोडक्या पायाने बंद आवारात फिरणारा प्राणी पकडल्यावाचून गत्यंतर नसते, आणि जाग्या अवस्थेत त्यास पकडणे म्हणजे भीतीनेच मारणे होय.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या हद्दी डोंगरांपर्यंत पोहोचल्या आहेत. बोरिवलीच्या उद्यानातून पथक निघून घोडबंदरच्या वाहतुकीतून कल्याणास पोहोचेतो हरिणाची घटका भरलेली असते. म्हणून कल्याणच्या बाजूस एक स्वतंत्र, कायमस्वरूपी पथक असावे. अग्निशमन दलाच्या व पोलिसांच्या प्रत्येक ठाण्यात निदान काही जणांना प्राथमिक शिक्षण मिळावे. आणि प्रत्येक पकडीनंतर सोडलेला प्राणी जगला की मेला, याची नोंद जाहीर व्हावी. यशाचे माप प्राणी गाडीत चढला यावर न ठरता तो महिन्याने जिवंत आहे काय यावर ठरावे. एवढे झाले तरी आजच्या व्यवस्थेचे स्वरूप बदलेल.

नागरिकांकडून अपेक्षा आहे ती याहून स्वस्त. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि तेथून निघून जावे. शाळा-महाविद्यालयांतून वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात, तसा हा एक लहानसा धडाही शिकविता येईल. गुंगी हरिणाला द्यावयाची असते. पाहणाऱ्यांनी शुद्धीवर राहिले पाहिजे. वैद्याच्या पेटीत सर्व औषधे असतील, पण आसपासची माणसे मागे हटली नाहीत तर त्यांतले एकही लागू पडणार नाही.